सुभेदार रामजी सकपाळ

देवळाचा कळस दुरून दृष्टीस पडतो. पाया मात्र जमिनींत गाडलेला असतो, आणि त्याची आठवण फारच थोड्यांस होते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हें नांव आपल्या इस्लापुरांतच काय, सर्व मराठवाड्यांत लहान मुलांच्याहि तोंडीं आहे. त्या नांवाच्या मधोमध एक दुसरें नांव रोज उच्चारलें जातें. तें ज्यांचें, ते गृहस्थ कोण होते, त्यांनीं काय सोसलें आणि काय केलें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा अल्प वृत्तांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें, व विशेषतः त्यांच्या वडीलमंडळींपुढें, ठेवण्याचें योजिलें आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांत आंबडवे नांवाचें लहानसें खेडें आहे. सकपाळांचें घराणें मूळचें तेथलें, जातीनें महार. त्या काळीं महाराची वस्ती गांवाबाहेर असे, आणि त्याच्या वांट्यास वतनाचें काम येई. सरकारी सांगावा पोंचवावा, वेशीवर पहारा करावा, मेलेलें गुरूं ओढावें आणि मोबदल्यांत घरोघर भाकर मागावी, हा त्याचा जन्मभराचा क्रम. विहिरीचें पाणी त्यास बंद, देवळाची पायरी बंद आणि शाळेचा उंबरठाहि बंद. या कोंडींतून बाहेर पडण्याची एकच वाट त्या काळीं उघडी होती, ती पलटणीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यांत महार शिपाई फार पूर्वींपासून असत. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमा नदीच्या कांठीं कोरेगांव येथें जी लढाई झाली, तींत पडलेल्या महार शिपायांचीं नांवें तेथील स्तंभावर अद्यापि कोरलेलीं आहेत. रामजींचे वडील मालोजी हेहि सैन्यांतच होते. अशा घरीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रामजींचा जन्म झाला.

ऐन तारुण्यांत रामजी पलटणींत भरती झाले. त्याच सुमारास मुरबाड येथील एका लष्करी घराण्यांतील भीमाबाई या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. भीमाबाईंचे वडील व चुलते सैन्यांत अधिकारावर असून घरची स्थिति चांगली होती. उलट जांवई साधा शिपाई, पगार तुटपुंजा. माहेरच्या मंडळींस हा संबंध कमीपणाचा वाटे. परंतु भीमाबाई मोठ्या मानी होत्या. पति दूर छावणींत आणि हातीं येणारी रक्कम अपुरी, अशा दिवसांत त्यांनीं रस्त्यावर खडी पसरण्याचें काम करून पोट भरलें, पण माहेरीं हात पसरला नाहीं, असें चरित्रकार सांगतात. गरिबींत ताठ मानेनें राहण्याचा गुण या घरांत नवराबायको दोघांचाहि होता.

शिपाई म्हटला कीं आपल्यास बंदूक आणि संगीन आठवते. रामजींच्या बाबतींत मात्र पलटणीनें त्यांच्या हातीं त्याहून मोठें शस्त्र दिलें, तें अक्षरांचें. सैन्यांतील लोकांस व त्यांच्या मुलाबाळांस लिहितां वाचतां यावें अशी कंपनी सरकारच्या काळापासून योजना होती, आणि पलटणींतून शाळा चालत. गांवच्या शाळेंत ज्याला ओटीवरहि बसूं दिलें नसतें, त्या मुलाला छावणींत पाटी मिळे. रामजींची हुशारी व शिस्त वरिष्ठांच्या नजरेस आली. त्यांस पुण्यास शिक्षकांच्या लष्करी नॉर्मल स्कुलांत पाठविण्यांत आलें. तेथें त्यांनीं शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढें ते पलटणीच्या शाळेंत शिक्षक झाले. सुमारें १४ वर्षें ते मुख्याध्यापक होते, आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. महाराच्या पोटीं जन्मलेला मुलगा त्या काळीं मुख्याध्यापक होतो, ही गोष्ट लहान नव्हे. इंग्रजी भाषेवर त्यांचें प्रेम होतें, मराठी शुद्ध व नेटकें असावें असा त्यांचा कटाक्ष असे, आणि महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयीं त्यांच्या मनांत मोठा आदर होता.

संसार मोठा होता. रामजी व भीमाबाई यांस एकंदर १४ अपत्यें झालीं; त्यांपैकीं बहुतेक लहानपणींच दगावलीं. तीन मुलगे व दोन मुली तेवढ्या हातीं लागल्या. १४ वें अपत्य म्हणजे भीमराव. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं मध्य हिंदुस्थानांत महू येथील छावणींत झाला. त्या वेळीं रामजी तेथें लष्करी शाळेवर होते.

पुढील वर्षीं एक मोठा घाव बसला. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यांतील भरती सरकारनें बंद केली. ज्या वाटेनें मालोजी गेले, रामजी गेले आणि ज्या वाटेनें शेंकडों कुटुंबें माणुसकीस पोंचलीं, ती वाटच बुजली. रामजींचें स्वतःचें यांत कांहीं बिघडत नव्हतें. त्यांची नोकरी पुरी होत आली होती आणि निवृत्तिवेतन मिळणारच होतें. तरी ते स्वस्थ बसले नाहींत. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाऊन त्यांच्या साह्यानें त्यांनीं सरकारास अर्ज करण्याची खटपट केली. त्या वेळीं यश आलें नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळीं भरती कांहीं दिवस उघडली व पुन्हां बंद पडली; आणि महार रेजिमेंट १९४१ सालीं उभी राहिली, तेव्हां रामजींस जाऊन २८ वर्षें झालीं होतीं. आपल्या पदरांत कांहीं पडणार नाहीं हें जाणूनहि दुसऱ्याकरितां झटणें, हें त्यांच्या स्वभावाचें एक लक्षण होय.

१८९४ सालीं रामजी निवृत्त झाले. प्रथम ते कोंकणांत दापोलीस राहिले. तेथें निवृत्त शिपायांचीं पुष्कळ कुटुंबें होतीं. नंतर सातारा येथें सरकारी बांधकामाच्या खात्यांत कोठाराच्या देखरेखीचें काम मिळालें, म्हणून बिऱ्हाड तिकडे हलविलें. १८९६ सालीं तेथें भीमाबाईंचा अंत झाला. भीम त्या वेळीं अवघा पांच वर्षांचा. घर रामजींची बहीण मीराबाई हिनें संभाळलें. ती पाठीनें अधू होती, पण मनानें खंबीर, आणि लहानग्या भीमावर तिचा फार जीव.

या घरची दिनचर्या लक्षांत घेण्यासारखी आहे. रामजी कबीरपंथी होते. मद्य व मांस यांस ते शिवत नसत. पहांटे व सायंकाळीं भजन व पाठ झाल्यावांचून मुलांस जेवण नसे. जेवणापूर्वीं सर्वांनीं हातपाय धुऊन बसावें, अभंग व दोहे म्हणावे, असा दंडक. वडील स्वतः रामायण व महाभारत वाचून दाखवीत आणि मुलांकडूनहि वाचवून घेत. एकदां भीमानें विचारलें कीं, ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांस हलकें लेखिलें आहे, ते आपण कशाकरितां वाचावे? रामजींनीं रागावून त्यास गप्प केलें नाहीं. त्यांनीं समजाविलें कीं, आपल्या लोकांच्या मनांत न्यूनगंड शिरला आहे. द्रोण, कर्ण व वाल्मीकि हीं लहान स्थितींतून वर आलेलीं माणसें होत, त्यांच्या गोष्टी वाचल्यानें तो गंड निघून जावा हा आपला हेतु आहे. मुलाचें समाधान पुरतें झालें नाहीं, हें त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलास बापानें उत्तर दिलें, ही गोष्टच मोलाची. ज्या घरांत प्रश्नास मान मिळतो, त्या घरांतून विचारवंत निघतो.

रामजींच्या जीवनांत सर्वच गोड होतें असें मात्र नाहीं. कांहीं वर्षांनीं त्यांनीं दुसरा विवाह केला. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भीमाच्या मनास फार लागलें. बापाच्या अन्नावर राहूं नये, मुंबईच्या गिरणींत काम धरावें, असें त्याच्या मनानें घेतलें. प्रवासखर्चासाठीं त्यानें आत्याच्या कमरेची पिशवी लांबविण्याचा यत्न कांहीं रात्रीं केला. पिशवी अखेर हातीं आली, तेव्हां आंत अर्धा आणाच निघाला. तो त्याच क्षणीं शरमला आणि पळून जाण्याऐवजीं अभ्यास करून लौकर स्वतःच्या पायावर उभें राहण्याचा त्यानें निश्चय केला. पिता व पुत्र यांत असा दुरावा कधीं येतो, परंतु तेवढ्यानें प्रेम आटतें असें नव्हे.

७ नोव्हेंबर १९०० रोजीं रामजींनीं भीमाचें नांव सातारच्या सरकारी हायस्कुलांत घातलें. तेंच आजचें प्रतापसिंह हायस्कूल. आणि त्या तारखेस महाराष्ट्रांत २०१७ पासून विद्यार्थी दिवस पाळला जातो. शाळेंत बसावयास घरून गोणपाट न्यावें लागे, आणि तहान लागली तर शिपायानें वरून पाणी ओतल्यावांचून तें मिळत नसे.

१९०१ सालीं रामजी सातारा जिल्ह्यांतच गोरेगांव येथें, दुष्काळांत चाललेल्या तळ्याच्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटींत मुलांनीं आपल्याकडे यावें असें त्यांनीं कळविलें. नवे कपडे घालून मुलें मोठ्या आनंदानें आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरलीं. येण्याचें पत्र वडिलांस पोंचलें नव्हतें, म्हणून न्यावयास कोणी आलें नाहीं. मुलें महारांचीं आहेत असें कळतांच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला, आणि एकहि गाडीवान गाडी देईना. शेवटीं दुप्पट भाडें घेऊन एक जण कबूल झाला, तोहि या अटीवर कीं मुलांनीं स्वतः गाडी हांकावी आणि आपण बाजूनें चालावें. रात्रभर त्यांस पिण्यास पाण्याचा थेंब मिळाला नाहीं. सरकारची इतकीं वर्षें इमानें चाकरी केलेल्या सुभेदाराच्या लेंकरांची ही अवस्था! तो प्रवास भीमराव कधींहि विसरले नाहींत.

१९०४ च्या सुमारास रामजी मुलांच्या शिक्षणाकरितां मुंबईस आले. परळ येथील डबक चाळींत एकच खोली. तींतच चूल, तींतच सरपण, तींतच झोंपणें. भीम एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊं लागला. दोघांचें शिक्षण पेलण्याजोगी स्थिति नव्हती, म्हणून थोरल्या मुलानें शाळा सोडून नोकरी धरली. खोलींत गडबड थांबेपर्यंत मुलानें लौकर निजावें, आणि मध्यरात्र उलटल्यावर रामजींनीं त्यास उठवावें. मग मिणमिणत्या दिव्यापाशीं पहांटेपर्यंत अभ्यास, असा क्रम होता. निजलेल्या मुलास वेळेवर उठवितां यावें म्हणून बाप स्वतः जागा राही.

भीमास पुस्तकांचा छंद फार. आज एक आणलें कीं उद्यां दुसरें हवें. रामजींनीं कधीं नाहीं म्हटलें नाहीं. हातीं पैसा नसला तर काठी घेऊन ते मुंबईतच राहणाऱ्या विवाहित मुलींकडे जात. धाकटीकडे पैसे नसले तर थोरलीकडे. रोख न मिळालें तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन येत. पुढें निवृत्तिवेतन हातीं आलें कीं दागिना सोडवून मुलीस परत देत. एके काळीं पलटणीनें ज्यांस सलाम केला, त्या वृद्ध सुभेदारास मुलींच्या दारीं उभें राहतांना काय वाटत असेल याची कल्पना करावी. तरी त्या बाबतींत त्यांनीं मानापमान पाहिला नाहीं. बहिणींनींहि भावाच्या विद्येकरितां अंगावरचें सोनें काढून दिलें, हेंहि विसरतां कामा नये.

१९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराची सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें. पुढें श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचें साह्य मिळालें, आणि भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारींत ते बडोद्यास नोकरीवर गेले. मुलानें तेथें जाऊं नये असें रामजींस वाटत होतें. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार पोंचली. भीमराव तत्काळ निघाले. वाटेंत सुरतेस वडिलांसाठीं मिठाई घेण्याकरितां उतरले, तों गाडी सुटली. मुंबईस पोंचण्यास विलंब झाला. रामजी त्यांचीच वाट पाहत होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनीं क्षीण हात फिरविला आणि थोड्याच वेळांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजीं, प्राण सोडला. मागें ठेव नव्हती, कर्ज होतें.

त्याच वर्षीं भीमराव अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तेथून पुढचा इतिहास सर्वांस विदित आहे. रामजींनीं त्यांतलें कांहींहि पाहिलें नाहीं. १९२३ सालीं लंडनमध्यें रुपयाच्या प्रश्नावरील आपला विद्वत्तापूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां भीमरावांनीं तो आईबापांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि आपल्या शिक्षणाकरितां त्यांनीं केलेल्या त्यागाचा तेथें कृतज्ञतेनें उल्लेख केला. १९५० सालीं त्यांनीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय स्थापिलें; त्याचें नांव पुढें मिलिंद महाविद्यालय झालें. निजामी राजवटींत विद्येस पारख्या राहिलेल्या आपल्या मराठवाड्यांतील हजारों गरीब मुलांस त्यामुळें उच्च शिक्षणाचें दार उघडलें. परळच्या खोलींतील त्या दिव्याचा उजेड आपल्या अंगणापर्यंत आला तो असा.

विद्यार्थीजनहो, तुमच्या पुस्तकाचे पैसे कोठून येतात याचा कधीं विचार करा. कोणाच्या तरी घामाचे, कोणाच्या तरी मोडलेल्या हौसेचे, कदाचित् कोणा बहिणीच्या गहाण पडलेल्या दागिन्याचे ते पैसे असतील. त्यांचें चीज करणें तुमच्या हातीं आहे. आणि पालकांस सांगावयाचें तें एवढेंच, कीं रामजींपाशीं जमीन नव्हती, धन नव्हतें, मोठ्या लोकांचा आधारहि फारसा नव्हता. होती ती शिस्त, पोटच्या मुलाच्या विद्येची तळमळ आणि मध्यरात्रीं उठून त्यास हांक मारण्याची चिकाटी. हीं तिन्ही ज्या घरीं आहेत, त्या घराचा पाया पक्का समजावा. कळस केव्हां चढेल हें मात्र आईबापांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहण्याची अपेक्षा धरूं नये. रामजींनींहि ती धरली नाहीं.