दादासाहेब मावळंकर : सभागृहाच्या शिस्तीचे शिल्पकार

२१ जुलै १९३७ रोजी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेने आपला पहिला अध्यक्ष निवडला. निवड झाली ती अहमदाबादचे नामांकित वकील गणेश वासुदेव मावळंकर यांची. सार्वजनिक जीवनात ते दादासाहेब या नावाने ओळखले जात. त्या दिवसापासून १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधला थोडा काळ वगळता, ते कोणत्या ना कोणत्या सभागृहाच्या अध्यक्षपदी राहिले. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो. मात्र सभागृह चालवण्याची त्यांची विद्या घडली ती एका प्रांतिक विधानसभेत, जिच्या अधिकारांना चहूबाजूंनी कुंपण होते.

मावळंकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. राजापूर व इतर काही ठिकाणी प्राथमिक शिक्षण झाल्यावर १९०२ मध्ये ते अहमदाबादला आले आणि तेथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये विज्ञान शाखेची पदवी आणि १९१२ मध्ये मुंबईतून प्रथम वर्गात कायद्याची पदवी घेऊन त्यांनी १९१३ पासून वकिलीस प्रारंभ केला. घरात मराठी आणि बाहेर गुजराती अशा दोन्ही संस्कृतींत ते सहजपणे वावरले. गुजरात सभेचे चिटणीस या नात्याने त्यांचा गांधीजींशी व वल्लभभाई पटेलांशी निकटचा संबंध आला. १९१८ चा खेडा सत्याग्रह, पाठोपाठ असहकाराचे आंदोलन, गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपद आणि पुढे मिठाचा सत्याग्रह, असा त्यांचा राजकीय प्रवास झाला. १९१९ पासून अहमदाबाद नगरपालिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषवले. पाणी, गटारे, शाळा आणि करवसुली यांच्या सभांतून मिळालेली कामकाजाची सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना जी स्वायत्तता मिळाली, तिचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय मावळंकरांच्या कामाचे मोल कळत नाही. प्रांतातील द्विदल राज्यपद्धती संपली आणि सर्व खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, हे खरे. पण गव्हर्नरच्या हाती विशेष जबाबदाऱ्या आणि स्वेच्छाधिकार शिल्लक होते. विधेयकाला संमती देणे वा न देणे त्याच्या अधिकारात होते. विधिमंडळाने केलेल्या नियमांवरही काही बाबतींत त्याचे नियम वरचढ ठरत. कामकाजाची भाषा इंग्रजी, आणि जे सदस्य ती जाणत नसतील त्यांच्यापुरती सवलत, अशी कायद्याची तरतूद होती. सिंध वेगळा झाल्यावरही मुंबई प्रांत धारवाडपासून उत्तर गुजरातपर्यंत पसरलेला होता. मराठी, गुजराती आणि कानडी मुलखांतून आलेल्या १७५ सदस्यांचे हे सभागृह एका चाकोरीत आणायचे होते, आणि त्यासाठी पुरेसे पूर्वसंकेत हाताशी नव्हते.

बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ तेव्हा नुकतेच सत्तेवर आले होते. गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे आणि अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. समोर विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जमनादास मेहता यांच्यासारखे कसलेले संसदपटू होते. सरकार काँग्रेसचे आणि अध्यक्षही काँग्रेसचे, अशी स्थिती होती. बहुमताच्या बळावर विरोधकांना गप्प बसवणे कठीण नव्हते. याच सभागृहात १९३७ मध्ये आंबेडकरांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाला कडाडून विरोध केला. कूळकायदा व शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदाही १९३९ मध्ये येथूनच झाला. मालक आणि मजूर, खोत आणि कूळ, सावकार आणि ऋणको यांचे हितसंबंध येथे समोरासमोर येत होते. अशा वेळी कोणाला किती वेळ द्यायचा, कोणता उपप्रश्न ग्राह्य धरायचा, कोणते विधेयक सिलेक्ट कमिटीकडे जायचे, दुरुस्त्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटले तरी त्यांच्या निर्णयावर अल्पमताचा आवाज टिकणार की विरणार हे ठरत असे.

परंतु ही विधानसभा अल्पायुषी ठरली. भारतीयांना न विचारता देशाला महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले. ९३ व्या कलमाचा आधार घेऊन गव्हर्नरने प्रांताचा कारभार स्वतःकडे घेतला आणि सभागृहाचे दरवाजे बंद झाले. अध्यक्षपद नावापुरते उरले. वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ च्या आंदोलनात मावळंकर तुरुंगात गेले. तेथील कैद्यांच्या जीवनकथांवर त्यांनी गुजरातीत ‘मानवतानां झरणां’ हे पुस्तक लिहिले. वरून मिळालेली स्वायत्तता एका घोषणेसरशी काढूनही घेता येते, हा धडा त्या वर्षांनी दिला. १९४६ मध्ये मुंबईची विधानसभा पुन्हा भरली तेव्हा अध्यक्षपदी नगरचे कुंदनमल फिरोदिया आले, कारण मावळंकर तोवर दिल्लीला गेले होते.

दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात काँग्रेसला निर्विवाद बहुमत नव्हते. सरकारी अधिकारी व नियुक्त सदस्यही तेथे मतदार होते. जानेवारी १९४६ मधील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध मावळंकर ६६ विरुद्ध ६३ मतांनी, म्हणजे अवघ्या ३ मतांनी विजयी झाले. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळ संपुष्टात आले. घटना समितीने एकाच वेळी घटना बनवायची आणि रोजचे कायदेही करायचे, ही दोन कामे कशी वेगळी ठेवावीत, याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले. त्यानुसार नोव्हेंबर १९४७ मध्ये कायदेविषयक कामासाठी बसणाऱ्या घटना समितीचे ते अध्यक्ष झाले. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने त्यांना अध्यक्ष निवडले. पंडित नेहरूंनी त्यांचे नाव सुचवले होते. विरोधी उमेदवार होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. मते पडली ३९४ विरुद्ध ५५.

आता कसोटी वेगळी होती. परकीय सरकारच्या काळात तहकुबीची सूचना हे लोकप्रतिनिधींचे प्रमुख हत्यार होते. ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या प्रश्नावर सरकारला जाब विचारण्याचा तो मार्ग होता. स्वातंत्र्यानंतरही सदस्यांच्या हाताला तीच सवय होती. मार्च १९५० मध्ये दिलेल्या एका निर्णयात मावळंकरांनी ही सवय बदलण्याची गरज मांडली. सभागृहाला जबाबदार नसलेल्या सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्यास दुसरी वाट नव्हती, म्हणून ही सूचना उदारपणे स्वीकारली जाई. मात्र ज्या सरकारला सभागृह मताने खाली खेचू शकते, तेथे हा उपाय अपवादानेच वापरला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विरोधी पक्षांना तो मान्य झाला नाही. एका पक्षाचे प्रचंड बहुमत असताना सरकार पाडण्याची शक्यता कागदावरच राहते, मग तातडीचा प्रश्न उपस्थित करायचा कोठे, हा त्यांचा सवाल रास्तच होता.

मावळंकरांनी त्याला उत्तर दिले ते नव्या साधनांच्या रूपाने. १९५३ मध्ये मतदानाविना होणारी अल्पकालीन चर्चा सुरू झाली. १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना आली. तहकुबीच्या सूचनेने सरकारवर ठपका बसतो. लक्षवेधीने ठपका न बसता मंत्र्याला त्या प्रश्नावर निवेदन करावे लागते. आज आपल्या राज्याच्या विधिमंडळातही अधिवेशनाच्या बातम्यांत ज्या लक्षवेधीचा उल्लेख हमखास येतो, ती संसदेत या काळात रुजली.

समित्यांच्या बाबतीत त्यांचे काम याहून मोलाचे ठरले. लोकलेखा समिती १९२१ पासून होती, पण तिचे अध्यक्षपद अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असे. म्हणजे ज्याच्या खर्चाची तपासणी व्हायची, तोच तपासणीच्या खुर्चीवर. १९५० नंतर ही समिती सभागृहाच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली आणि मंत्री तिच्या बाहेर गेले. त्याच वर्षी अंदाज समिती स्थापन झाली. १९५२ मध्ये कामकाज सल्लागार समिती आली आणि कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे सर्व पक्षांच्या संमतीने ठरू लागले.

१९५३ मधील आश्वासन समिती ही तर रोजच्या अनुभवातून जन्मलेली. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री उत्तर देत की माहिती मागवली आहे, विचार चालू आहे, लवकरच कार्यवाही होईल. पुढे त्या शब्दांचे काय झाले हे विचारणारे कोणी नसे. सभागृहात दिलेल्या प्रत्येक आश्वासनाची नोंद ठेवायची आणि ते पुरे झाले की नाही हे पाहायचे, एवढेच या समितीचे काम. त्याच वर्षी दुय्यम विधिविधानाची समितीही नेमली गेली. कायदा सभागृह करते, पण त्याखालील नियम खाते तयार करते, आणि सामान्य माणसाला भोवतात ते बहुधा हेच नियम. खात्याने कायद्याची मर्यादा ओलांडली की काय, हे पाहण्याचे काम या समितीकडे आले. या खोल्यांत भाषणबाजीला वाव नव्हता. पक्षभेद विसरून कागद वाचणारे सदस्य आणि त्यांच्यापुढे उत्तरे देणारे सचिव, असे त्यांचे स्वरूप राहिले.

सदस्यांच्या वर्तनाचा प्रश्नही त्यांच्या कारकिर्दीत पुढे आला. १९५१ मध्ये हंगामी संसदेतील मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे हित जपल्याचा आरोप झाला. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी करून दोषारोप ग्राह्य धरला. मुदगल यांनी हकालपट्टी टाळण्यासाठी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीसच पात्र होते असा ठराव सभागृहाने केला. मुदगल सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते, ही बाब लक्षणीय.

पक्ष आणि पद यांच्या नात्याविषयी मावळंकरांची भूमिका स्पष्ट होती. इंग्लंडमधील अध्यक्ष पक्षाशी नाते तोडतो, पण त्याच्याविरुद्ध निवडणुकीत सहसा मोठे पक्ष उभे राहत नाहीत. असा संकेत भारतात रुजेपर्यंत अध्यक्षाला पक्ष पूर्णपणे सोडता येणार नाही, असे ते मानत. मात्र पक्षाच्या वादग्रस्त राजकारणापासून दूर राहणे आणि खुर्चीत बसल्यावर पक्ष विसरणे हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले होते. हे बंधन पुरेसे आहे का, याविषयी विरोधकांच्या मनात शंका राहिलीच.

या दुहेरी ताणाचे सर्वात बोलके वर्ष म्हणजे १९५४. अधिवेशन नसताना सरकार वटहुकूम काढते आणि मग सभागृहापुढे केवळ शिक्कामोर्तबाचे काम उरते, याबद्दल मावळंकरांनी १९५० पासून सरकारला लेखी जाणीव दिली होती. जुलै १९५४ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आक्षेप नोंदवला. वटहुकूम हा लोकशाहीशी विसंगत मार्ग असून खऱ्या आणीबाणीतच तो वापरावा, सभागृहाला वेळ नाही ही सबब पुरेशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संसदीय पद्धत संथ असते आणि वटहुकूम काढणे काही वेळा अपरिहार्य होते, ही नेहरूंची बाजू होती. दोघांचा परस्परांविषयीचा आदर अबाधित राहिला, पण मतभेद मिटला नाही.

ज्या वर्षी अध्यक्षांनी स्वतःच्या पक्षाच्या पंतप्रधानांना असे खडसावले, त्याच वर्षी विरोधकांनी त्यांच्यावर सरकारधार्जिणेपणाचा आरोप ठेवला. तहकुबीच्या सूचना सातत्याने नाकारल्या जातात, ही मुख्य तक्रार. १८ डिसेंबर १९५४ रोजी विघ्नेश्वर मिसिर यांनी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच ठराव. घटनेनुसार मावळंकर खुर्चीवरून दूर राहिले आणि उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवले. हा पक्षाचा प्रश्न नसून सभागृहाच्या प्रतिष्ठेचा आहे, अशी भूमिका नेहरूंनी मांडली. ठराव फेटाळला गेला. वटहुकुमांविषयीची पत्रे ही पडद्याआडची गोष्ट होती आणि विरोधकांना दिसत होती ती नाकारलेली सूचना. बंद दाराआड सरकारशी लढणारा अध्यक्ष उघड्या सभागृहात पक्षपाती ठरू शकतो, हे या पदाचे दुखणे तेव्हाच उघड झाले.

१९५६ च्या प्रारंभी हृदयविकाराने ते आजारी पडले आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर बिनविरोध निवडून आल्या. पुढे पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हेही लोकसभेचे सदस्य झाले. लोकसभेचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो.

पुण्याच्या कौन्सिल हॉलपासून दिल्लीच्या संसद भवनापर्यंतचा हा प्रवास मोठ्या वक्तृत्वाचा नव्हता. महाराष्ट्राच्या विधिमंडळात आज कामकाज सल्लागार समिती दिवसाची आखणी करते, आश्वासन समिती मंत्र्यांच्या शब्दांचा हिशेब मागते आणि लोकलेखा समिती खर्चाची छाननी करते. या समित्या जागत्या राहिल्या तर सरकारला उत्तर द्यावे लागते आणि निजल्या तर सभागृह केवळ हात वर करण्यापुरते उरते. दादासाहेबांनी दिलेली साधने आहेत तशीच आहेत. ती वापरायची की नाही, हे प्रत्येक नव्या सभागृहाने ठरवायचे असते.