चार्ल्स एडवर्ड मेरियम

चार्ल्स एडवर्ड मेरियम (जन्म : १५ नोव्हेंबर १८७४, हॉपकिन्टन, आयोवा, मृत्यू : ८ जानेवारी १९५३, रॉकव्हिल, मेरीलँड) हे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ, शिकागो शहराचे नगरसेवक आणि शासनाचे सल्लागार होते. शिकागो विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे ते शिल्पकार मानले जातात. राज्यशास्त्राला ग्रंथालयातून बाहेर काढून प्रत्यक्ष मतदार, पक्ष व प्रशासन यांच्या निरीक्षणाकडे वळविणाऱ्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

मेरियम यांचे वडील हॉपकिन्टन या लहानशा गावात दुकानदार होते व तेथील टपाल कार्यालयाचेही काम पाहत. पुढे पुराजीवशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले जॉन कॅम्पबेल मेरियम हे त्यांचे थोरले बंधू. आयोवा राज्य विद्यापीठातून पदवी घेतल्यावर चार्ल्स यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील राज्यशास्त्र विद्याशाखेत प्रवेश घेतला. काही वर्षांनी, १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच विद्याशाखेत अध्ययन केले. विल्यम डनिंग यांच्या मार्गदर्शनाखाली मेरियम यांनी रूसोनंतरच्या सार्वभौमत्वविषयक सिद्धांतांच्या इतिहासावर प्रबंध लिहिला आणि १९०० मध्ये डॉक्टरेट मिळविली. मध्यंतरी त्यांचे काही शिक्षण बर्लिन व पॅरिस येथे झाले. त्यांची ही सारी जडणघडण विचारांच्या इतिहासाची होती.

नगर राजकारण

१९०० मध्ये मेरियम शिकागो विद्यापीठात रुजू झाले. उद्योग व स्थलांतरितांमुळे शिकागो तेव्हा झपाट्याने वाढत होते आणि नगरकारभारावर पक्षांच्या स्थानिक म्होरक्यांची पकड होती. १९०९ मध्ये मेरियम नगरसेवक म्हणून निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या, त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने नगराच्या खर्चाची तपासणी केली आणि कंत्राटे व खरेदी यांतील उधळपट्टी आणि गैरव्यवहार उजेडात आणले.

या कामाच्या बळावर १९११ मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे महापौरपदासाठी उभे राहिले. हॅरॉल्ड इकिस यांनी त्यांची प्रचारमोहीम सांभाळली. कार्टर हॅरिसन (धाकटे) यांच्याकडून सुमारे १७ हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. १९१३ ते १९१७ या काळात ते पुन्हा नगरसेवक होते. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकन शासनाच्या प्रसिद्धी कार्यासाठी त्यांना रोमला पाठविण्यात आले. १९१९ मध्ये महापौरपदाची पक्षाची उमेदवारी मिळविण्याच्या लढतीत विल्यम हेल टॉमसन यांनी त्यांना हरविले. त्यानंतर त्यांनी निवडणूक लढविली नाही.

राज्यशास्त्र विभागाची उभारणी

निवडणुकीचे मैदान सुटले, तरी त्या मैदानात पडलेले प्रश्न सुटले नाहीत. लोक मत का देतात, का देत नाहीत, पक्षयंत्रणा कशी टिकते, याची उत्तरे सिद्धांतांच्या इतिहासात मिळत नव्हती. राज्यशास्त्राने मानसशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र यांची साधने वापरावीत, असा आग्रह त्यांनी १९२१ च्या लेखात व १९२५ च्या 'न्यू आस्पेक्ट्स ऑफ पॉलिटिक्स' या ग्रंथात धरला. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या समाजविज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते.

त्याच वर्षी शिकागोच्या महापौरपदाच्या निवडणुकीत मतदानास पात्र असलेल्यांपैकी सुमारे निम्म्याच लोकांनी मतदान केले. मेरियम व त्यांचे तरुण सहकारी हॅरॉल्ड गॉस्नेल यांनी मतदान न करणाऱ्या सुमारे ६ हजार नागरिकांच्या मुलाखतींवर आधारलेला 'नॉन-व्होटिंग' हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. आजारपण, कायदेशीर अडचणी, स्त्रियांनी मतदान करू नये ही समजूत आणि निव्वळ उदासीनता अशी कारणे त्यातून पुढे आली. पुढे गॉस्नेल यांनी काही नागरिकांना टपालाने मतदानाची आठवण करून दिली व इतरांना दिली नाही, आणि दोन्ही गटांच्या मतदानाची तुलना केली. आठवणीचा परिणाम अध्यक्षीय निवडणुकीपेक्षा स्थानिक निवडणुकीत अधिक दिसला. राज्यशास्त्रातील क्षेत्रीय प्रयोगाचे हे आरंभीचे उदाहरण होय.

१९४० मध्ये निवृत्त होईपर्यंत मेरियम विभागाचे प्रमुख होते. हॅरॉल्ड लासवेल, लोकप्रशासनाचे अभ्यासक लेनर्ड व्हाइट आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार क्विन्सी राइट हे या विभागातील प्राध्यापक होते, तर व्ही. ओ. की, गॅब्रिएल आमंड, डेव्हिड ट्रुमन आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक (१९७८) मिळविणारे हर्बर्ट सायमन हे येथील विद्यार्थी.

शासकीय कार्य

राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नेमलेल्या सामाजिक प्रवाहविषयक संशोधन समितीचे मेरियम उपाध्यक्ष होते. रूझवेल्ट यांच्या काळात, १९३३ ते १९४३ पर्यंत, त्यांनी राष्ट्रीय नियोजन मंडळात व त्याच्या उत्तराधिकारी संस्थांत काम केले. लुई ब्राउनलो व ल्यूथर गुलिक यांच्यासह ते प्रशासकीय व्यवस्थापन समितीचे सदस्य होते. तिच्या १९३७ च्या अहवालाला काँग्रेसमध्ये कडवा विरोध झाला; तरी १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे कार्यकारी कार्यालय स्थापन झाले, त्याचा पाया हाच अहवाल होता. नियोजन मंडळ मात्र काँग्रेसने १९४३ मध्ये गुंडाळले.

मतभेद व अखेरचा काळ

१९२९ मध्ये विद्यापीठाचे प्रमुख झालेले रॉबर्ट हचिन्स यांचा ओढा तत्त्वज्ञानाकडे व अभिजात ग्रंथांकडे होता. माहिती गोळा करण्यावर भर देणाऱ्या संशोधनाविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती. १९३८ मध्ये लासवेल यांनी विद्यापीठ सोडले आणि काही वर्षांत गॉस्नेलही गेले. मेरियम यांनी जमविलेला गट त्यांच्या डोळ्यांदेखत विखुरला. त्यानंतरही त्यांचे लेखन चालू राहिले. 'सिस्टिमॅटिक पॉलिटिक्स' हा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

ज्या शास्त्रीय पद्धतींचा मेरियम यांनी पुरस्कार केला, त्यांचा वापर त्यांच्या स्वतःच्या बहुतेक ग्रंथांत थोडाच आढळतो, अशी टीका त्यांच्यावर होते. 'पोलिटिकल पॉवर' (१९३४) हा त्यांचा गाजलेला ग्रंथही मुख्यतः चिंतनपर आहे. नियोजन व विज्ञान यांवरील त्यांचा विश्वासही काहींना भाबडा वाटतो. त्यांचे खरे कर्तृत्व संघटकाचे होते: योग्य माणसे हेरणे, संशोधनासाठी निधी मिळविणे आणि अभ्यासकाला शहराच्या रस्त्यावर पाठविणे. दुसऱ्या महायुद्धानंतर बहरलेल्या वर्तनवादी राज्यशास्त्राचे अनेक अग्रणी त्यांच्या विभागात घडले.