पांढऱ्या उंदरांच्या वंशावळी आणि कमल रणदिवे

वसई-विरारकडच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात माशांच्या टाक्यांशेजारी कधी कधी पांढऱ्या उंदरांचा पिंजरा दिसतो. मुले तिथेच थबकतात आणि मोठी माणसे नाक मुरडतात. उंदीर म्हटले की धान्याची नासाडी आणि पावसाळ्यातला लेप्टो आठवतो. मुंबईकरांना तर १८९६ च्या प्लेगच्या ऐकीव गोष्टीही आठवतात. पण याच प्राण्याच्या पिढ्यान् पिढ्या जपून, त्यांची वंशावळ राखून स्तनाच्या कर्करोगाबद्दल मोलाची माहिती हाती आली. भारतात हे काम उभे करणाऱ्यांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलींनीही भरपूर शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. हुजूरपागेतील शालेय शिक्षणानंतर कमल फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. त्यांनी डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले आणि १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह केला. पदव्युत्तर शिक्षणात पतीची साथ मिळाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले, तेव्हा अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. पेशीत डोकावून आनुवंशिकता वाचायची सवय तिथे लागली. पुढे वनस्पती मागे पडल्या, पण ती सवय टिकली.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल यांनी पीएच.डी.साठी स्तनाच्या कर्करोगाचा विषय घेतला. या रोगाचे प्रमाण ज्यांच्यात जास्त आहे आणि ज्यांच्यात कमी आहे, अशा उंदरांच्या निरनिराळ्या वंशांमधील स्तनग्रंथींची तुलना त्यांनी केली. गाठ दिसू लागण्याआधीच या ग्रंथींच्या रचनेत काही फरक असतो का, हे त्यांना पाहायचे होते.

अशा तुलनेसाठी कुठलेही उंदीर चालत नाहीत. गोदामात पकडलेल्या दहा उंदरांची आनुवंशिकता दहा प्रकारची असते. एकाला गाठ झाली आणि दुसऱ्याला झाली नाही, तर फरक रक्तातला की खाण्यातला, हे ठरवता येत नाही. म्हणून एकाच कुळातील भावा-बहिणींची जोडी पिढ्यान् पिढ्या लावून एकसारखे उंदीर तयार करतात. सलग वीस पिढ्या असे केल्यावरच त्याला शुद्ध वंश म्हणण्याची पद्धत आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्ले दीड-दोन महिन्यांत वयात येतात. तरीही वीस पिढ्यांना पाच-सहा वर्षे सहज लागतात. या काळात प्रत्येक पिंजऱ्यावरची चिठ्ठी, आई-बापांचे क्रमांक आणि जन्मतारखा बिनचूक राहाव्या लागतात. एक चिठ्ठी चुकली तर कित्येक वर्षांची मेहनत वाया जाते.

ही विद्या सुरुवातीला प्रयोगशाळेतली नव्हतीच. ती आली हौशी लोकांकडून. इंग्लंडमध्ये रंगीबेरंगी उंदरांची प्रदर्शने भरत. १९०१ मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस या बाईंच्या प्रयत्नांमुळे मोठ्या जातीच्या उंदरांनाही प्रवेश मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या ग्रॅन्बी गावी अॅबी लॅथ्रॉप ही माजी शिक्षिका पाळण्यासाठी उंदीर वाढवून विकत होती. तिच्याकडची शिस्त आणि नोंदी पाहून हार्वर्डचे शास्त्रज्ञही तिच्याकडून उंदीर मागवू लागले. काही उंदरांच्या अंगावर तिला गाठी दिसल्या. तिने त्या डॉ. लिओ लोब यांना कळवल्या आणि त्या गाठी कर्करोगाच्या निघाल्या. पुढे दोघांनी मिळून केलेल्या प्रयोगांत दोन गोष्टी दिसल्या. काही कुळांत गाठी वारंवार होतात आणि मादीचे अंडाशय काढले तर त्यांचे प्रमाण घटते. लॅथ्रॉप १९१८ मध्ये वारली. तिच्याकडील ५७ क्रमांकाच्या मादीपासून १९२१ मध्ये सुरू झालेला काळा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. त्याच्या ‘सी५७ ब्लॅक’ या नावात तो क्रमांक टिकून राहिला आहे.

हौशी पाळणारा उंदीर ओळखतो तो अंगावरच्या रंगावरून. प्रयोगशाळेतही शुद्धतेची पहिली खूण रंग हीच असते. ‘डीबीए’ या जुन्या वंशाचे नावच रंगाच्या तीन जनुकांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. रानउंदराच्या प्रत्येक केसावर काळे आणि पिवळसर पट्टे असतात, त्यामुळे तो मातकट दिसतो. पट्टे पाडणारे जनुक नसले की उंदीर काळा किंवा तपकिरी होतो. पांढऱ्याची गोष्ट वेगळी आहे. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरात रंगद्रव्यच तयार होत नाही. त्याच्या अंगी काळ्याचे जनुक असो की तपकिरीचे, बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून दोन वंशांचे पांढरे उंदीर एका पिंजऱ्यात मिसळले तर डोळ्यांना कळत नाही. काळ्या वंशाच्या पिंजऱ्यात मातकट पिल्लू निघाले, तर कुठेतरी घोटाळा झाला हे लगेच समजते. पांढऱ्या अंगाचा पण काळ्या डोळ्यांचा उंदीर आणखी निराळा. तो रंगहीन नसतो. त्याच्या अंगावरचा पांढरा डाग सर्वभर पसरलेला असतो, एवढेच.

शुद्ध वंश हाती आल्यावर १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक चकित करणारी गोष्ट दाखवली. रोगप्रवण वंशाची पिल्ले जन्मताच रोग कमी असलेल्या वंशाच्या मादीकडे पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यातील गाठींचे प्रमाण घटले. रोगाचे एक कारण आईच्या दुधातून जात होते. पुढे तो विषाणू असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे उंदरांत आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचा मेळ जमला की रोग होत होता. कमल रणदिवे यांच्या पुढच्या संशोधनाचा हाच गाभा राहिला.

पीएच.डी. १९४९ मध्ये पूर्ण झाल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर बाटलीत पेशी वाढवण्याचे तंत्र तिथे शिकल्या आणि मायदेशी परतल्या. १९५२ मध्ये खानोलकरांनी परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले. तिथे रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आता एकीकडे प्राणिगृहातील उंदीर आणि दुसरीकडे काचेतील पेशी, अशा दोन्ही अंगांनी प्रश्न तपासता येऊ लागला. संप्रेरके आणि विषाणू यांच्या संयोगाने कर्करोगाची प्रवृत्ती कशी घडते, हे त्यांनी सातत्याने मांडले. याच प्रयोगशाळेत कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून जिवाणू वाढवण्याचे काम झाले आणि पुढे त्यातून कुष्ठरोगावरील लशीची वाट निघाली.

केंद्राच्या आद्याक्षरांचे ‘आयसीआरसी’ हे नाव मुंबईत वाढवलेल्या उंदरांच्या एका वंशालाही मिळाले. या वंशात अन्ननलिका फुगण्याचा विकार आढळतो, म्हणून तो त्या आजाराच्या अभ्यासासाठीही उपयोगी ठरला. स्विस जातीच्या पांढऱ्या उंदरांत ‘बेअर’ नावाचा केस नसलेला प्रकारही परळच्या या संस्थेत जोपासला गेला. हौशी माणसाला तो एक दुर्मीळ नमुना वाटेल. संशोधकाला मात्र उघड्या त्वचेवर रसायनाचा परिणाम थेट पाहता येतो.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी केंद्राचे हंगामी संचालकपद सांभाळले. १९७३ मध्ये सहकारी महिलांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अकोले तालुक्यात राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची संशोधन संस्था आज टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून नवी मुंबईत खारघरला आहे.

उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे या कामातूनच शिकायला मिळते. माणसात आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग पसरतो, हे सिद्ध झालेले नाही. उलट, बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये या रोगाचा धोका थोडा कमी होतो. त्यामुळे उंदरांची गोष्ट ऐकून कुणी स्तनपान टाळू नये. आनुवंशिकतेचा भाग मात्र खरा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये घराण्यातून आलेले सदोष जनुक कारणीभूत असते. ते आईकडून येते तसे वडिलांकडूनही येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

विरारहून पहाटेची लोकल धरून आजही कितीतरी कुटुंबे परळच्या रुग्णालयात जातात. तिथे डॉक्टर पहिल्या भेटीतच घरात आणखी कुणाला हा आजार झाला होता का, असे विचारतात. अनेकदा उत्तर तयार नसते. आत्या कशाने गेली, आजीला गाठ कोणत्या वयात झाली, हे कुणी लिहून ठेवलेले नसते आणि बोलायचीही चोरी असते. परळच्या प्राणिगृहात प्रत्येक उंदराच्या आई-बापांची नोंद होती. आपल्या घरातील दोन-तीन पिढ्यांचे आजार आणि ते झाले तेव्हाची वये एका वहीत लिहायला एक संध्याकाळ पुरते. ती वही जवळ असली आणि स्तनात गाठ, त्वचेला खळी किंवा बोंडातून रक्तस्राव दिसताच तपासणी करून घेतली, तर उपचाराला वेळ मिळतो.