लोणीचे विठ्ठलराव आणि आईच्या पाटल्या

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात झाशीची राणी आणि अहिल्यादेवी याच आल्या. परंतु त्यांच्यावर दर वर्षी कोणी ना कोणी भगिनी लिहीतच असते. म्हटले, या खेपेस आपल्या नगर जिल्ह्यातल्या, आपल्याच बांधावरच्या माणसाविषयी लिहावे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील हे नाव आपणां सर्वांच्या कानावरचे आहे. पण त्यांनी साखर कारखाना काढला, यापलीकडे आपल्याला फारसे सांगता येत नाही. कारखाना काढला म्हणजे काय केले, हे समजावयाचे तर आधी उसाच्या रसाची हकीकत सांगितली पाहिजे. चुलीशी जन्म काढलेल्या आपणां बायकांना ती पुरुषांपेक्षा लवकर कळेल, असे मला वाटते.

प्रवरेच्या काठी आमच्या वडिलांचे गुऱ्हाळ होते. चरकातून निघालेला रस काहिलीत पडे, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि बेताचा चुना टाकीत. मग काळसर मळी वर येई, ती झाऱ्याने काढावयाची. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते की नाही, हे गुळव्या बोटाने चाचपून पाही. साऱ्या वर्षाचे पीक त्या एका माणसाच्या बोटावर! चुना कमी पडला तर गूळ पाणावे, जास्त झाला तर काळा पडे. आणि काळी ढेप पेठेत नेली की अडत्या मागेल त्या भावाला द्यावी लागे.

असे का होते, ते मला पुढे फार वर्षांनी कळले. उसाचा रस मुळात किंचित आंबट असतो. आंबट रसाला ताप दिला की त्यातली साखर फुटते आणि तिच्या दोन निराळ्या साखरा होतात. त्या गोड असतात, पण त्यांचा खडा सहजी बांधत नाही. म्हणून चुना हवा. चुन्याने आंबटपणा मरतो आणि रसातला गाळ एकत्र येऊन सुटा होतो. मात्र चुना वाजवीपेक्षा अधिक झाला तर त्याच फुटक्या साखरा करपल्यासारख्या काळ्या पडतात. सारा खेळ त्या मापाचा.

आता विठ्ठलरावांकडे वळते. लोणी बुद्रुकच्या शेतकरी घरात नारळी पौर्णिमेला त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम चार इयत्तांची. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस पिकू लागला, आणि पाण्याबरोबर कर्जही आले. खत, बेणे, पाणीपट्टी, सगळे उसने. सावकाराच्या वहीत एकदा नाव चढले की उतरत नसे. हे पाहून विठ्ठलरावांनी 1923 सालीच गावात सहकारी पतपेढी काढली होती. चार पैसे एकत्र केले तर सावकाराचे दार टळते, एवढा हिशेब त्यांना पक्का समजला होता.

पुढे मंदीत गुळाचे भाव कोसळले. 1932 साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिले, आणि साखरेचा धंदा भरभराटीस आला. आमच्या भागात हरेगावला कंपनीचा कारखाना होता, मग टिळकनगरलाही झाला. पण ते भांडवलवाल्यांचे. ऊस आपल्या काळ्या मातीतला आणि साखर मात्र दुसऱ्याची, हे बागायतदारांना सलत होते. 1945 साली बेलापूर रोडला, म्हणजे आताच्या श्रीरामपूरला, बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, हा विचार तेथे रुजला. बोलणारे पुष्कळ असतात, पण विठ्ठलराव उठले आणि गावोगाव हिंडू लागले.

ती पायपीट सोपी नव्हती. शेतकऱ्याने पैसा कशात घालावा? जमिनीत घातला तर दिसतो, बैलात घातला तर दिसतो. शेअर म्हणजे एक कागद. आणि कारखाना तरी कसला, तर लोखंडी नळ्यांत रस जाणार, आत काय होते ते डोळ्यांना दिसणार नाही, चाचपून पाहावयाला गुळव्याही नाही. चार इयत्ता शिकलेला माणूस हे पटवीत हिंडत होता आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवीत होते, याचे मला आजही नवल वाटते. गाडगीळांची विद्वत्ता मोठी खरी, पण विद्वत्तेकडे पाहून आमच्या गावात कोणी गाठीचा पैसा सोडला नसता. लोणीच्या पाटलाचा शब्द होता म्हणून सोडला.

आमच्या घरी रोकड नव्हती. तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. आईने हातांतल्या सोन्याच्या पाटल्या साबण लावून उतरवल्या, एवढे मला लख्ख आठवते. एक अडकली होती, ती निघेना. वडील ओट्यावर पाठ करून बसले होते. त्या पाटल्यांचा शेअर झाला आणि तो वडिलांच्या नावावर झाला. तेव्हाची रीतच ती. अशा किती घरांतल्या पाटल्या आणि पुतळ्या त्या कारखान्याच्या पायात गेल्या असतील, त्याची यादी कोणी ठेवली नाही. असो.

1948 साली कारखान्याची नोंदणी झाली आणि 1950-51 च्या हंगामात पहिले गाळप झाले. गाडगीळ अध्यक्ष, विठ्ठलराव उपाध्यक्ष. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांचा हा पाया. जागेचे नाव प्रवरानगर पडले.

आता आत काय होते ते सांगते. माझा धाकटा भाऊ पुढे एका साखर कारखान्यात केमिस्ट झाला, त्याने मला दोन-तीनदा सगळे हिंडून दाखविले. पाहते तो काय, आमचे गुऱ्हाळच, पण माप हातात असलेले! रस तापवून त्यात चुन्याची निवळी नव्हे, दाट दूध सोडतात. दुसरीकडे भट्टीत गंधक जाळतात आणि त्याचा झोंबरा वायू त्याच रसात घुसवतात. चुना आणि तो वायू यांचा संयोग होऊन पांढरा साका होतो, तो रसातला मळ पोटाशी धरून खाली बसतो. वायूने रसाचा रंगही उजळतो. दोन्ही असे तोलावयाचे की रस शेवटी ना आंबट ना खारट राहावा, म्हणजे त्याचा सामू सातच्या आसपास यावा. वायू जास्त झाला की साखर फुटली, चुना जास्त झाला की रंग गेला. मग निवळलेला रस हवा काढलेल्या बंद भांड्यांत आटवतात. तेथे तो कमी तापावर उकळतो, म्हणून करपत नाही. शेवटी दाणा धरला की गरगर फिरणाऱ्या चाळणीत साखर आणि मळी वेगळी होते. जी मळी आम्ही झाऱ्याने काढीत होतो तिचेच नाव कारखान्यात या उरल्या काळ्या पाकाला आहे, याची मला गंमत वाटली.

प्रयोगशाळा मात्र मला फार आवडली. रसाच्या नमुन्यात शिशाच्या क्षाराची पूड टाकली की गढूळपणा खाली बसतो. गाळलेला स्वच्छ रस काचेच्या नळीत भरून त्यातून विशिष्ट प्रकाश सोडतात. साखर त्या प्रकाशाला वळवते, आणि किती वळवते त्यावरून ती किती आहे हे कळते. फुटक्या साखरेची परीक्षा निराळी. मोरचुदापासून केलेले निळे द्रावण, त्याला फेहलिंगचे म्हणतात, ते उकळत ठेवून थेंबथेंब रस सोडावयाचा. फुटकी साखर असेल तर निळा रंग जाऊन विटकरी साका बसतो. ऊस तोडून उन्हात दोन-चार दिवस पडून राहिला असेल, तर या परीक्षेत ते लपत नाही.

हे मी एवढे का सांगते? कारण उसाचा भाव उताऱ्यावर ठरतो. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली तर उतारा अकरा टक्के. दहा निघाली तर टनामागे दहा किलो साखर कमी, आणि ती घट हजारो घरांत वाटली जाते. गुळव्याच्या बोटाची चूक एका काहिलीपुरती होती. चुन्या-गंधकाची चूक साऱ्या सभासदांच्या ताटातली होती. विठ्ठलरावांना रसायनशास्त्र येत नव्हते. पण हे काम जाणत्यांच्या हाती द्यावे, कारभारी गाडगिळांसारखा असावा आणि आपण उपाध्यक्ष राहावे, हे त्यांना उमगले होते. खटपट करणारा माणूस पहिली खुर्ची दुसऱ्याला देतो, हे आपल्याकडे फारसे दिसत नाही, अगदी महिला मंडळांतसुद्धा!

पुढचे थोडक्यात सांगते. प्रवरानगरचे पाहून कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर असे जिल्ह्यात कारखाने उभे राहिले. 1961 साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. कारखान्याच्या जोडीने शाळा आणि दवाखाना आला. 27 एप्रिल 1980 रोजी विठ्ठलराव वारले.

आई तेव्हा हयात होती. दिवाळीला सभासदांची साखर घरी आली की त्यातली पहिली मूठ ती देवापुढे ठेवी आणि मगच करंज्यांचे सारण करावयास घेई. पाटल्या तिने पुन्हा केल्या नाहीत, हातांत शेवटपर्यंत काचेच्या बांगड्याच होत्या. वडिलांच्या मागे शेअर थोरल्या भावाच्या नावावर चढला, आता तो त्याच्या मुलाच्या नावावर आहे.