ऑपरेशनचा फॉर्म बनवणारी बाई: फ्लॉरेन्स नाइटिंगेल

तुमसरच्या पेशंटला भंडाऱ्याला पाठवलं, तिथून नागपूरला, की सोबत प्लास्टिकची पिशवी जाते. आत जुने केसपेपर आणि रिपोर्ट. एखादा कागद घरी राहिला, तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आधीचं कळणार कसं? मोबाईलमधला १४ अंकी 'आभा' नंबर यासाठीच आलाय. पण या प्रश्नामागे एक बाई दीडशे वर्षांपूर्वीच हात धुऊन लागली होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला दिवा घेतलेली नर्स आठवते. जन्म १८२०, घर श्रीमंत, आणि नर्स व्हायला घरच्यांचा कडक विरोध. १८५४ मध्ये त्या ३८ नर्सेस घेऊन स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या. तिथे घाण होतीच, पण रेकॉर्डचाही सगळा गोंधळ. मृत्यूंच्या वेगवेगळ्या नोंदी, आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळेना! माणसं किती आणि कशाने मेली हेच कळत नसेल, तर सुधारणार काय?

परत आल्यावर बाई आकड्यांच्या मागे लागल्या. सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकच फॉर्म हवा, हा त्यांचा हट्ट. ऑपरेशनसाठी तर वेगळाच तक्ता केला: वय, ऑपरेशन कशासाठी, नंतर काय गुंतागुंत झाली, मृत्यू कशाने. आजच्या हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये भरायचे रकाने साधारण हेच.

गंमत म्हणजे १८६३ च्या पुस्तकात त्या स्वतःच फसल्या. लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा मृत्युदर ९० टक्क्यांवर दाखवला. कारण वर्षभराचे मृत्यू एका दिवशीच्या पेशंटांच्या संख्येने भागले होते. डॉक्टर लोक खवळले, आणि बरोबरच होतं त्यांचं. डेटा असून भागत नाही, कशाला कशाने भागता हेही बघावं लागतं.

फॉर्म काही हॉस्पिटलांनी वापरून पाहिले, पण भरायला वेळ आणि पैसा फार जातो म्हणून सोडून दिले. आज स्क्रीनवर टायपिंग करून वैतागलेल्या डॉक्टरांची तक्रार काही वेगळी नाही.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत, तरी इथल्या आरोग्यावर आयुष्यभर लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्या लंडनमध्ये वारल्या. फॉर्म तोवर केव्हाच बंद पडले होते.