रवींद्रनाथ ठाकूर : शोक, सृजन आणि रोजचे जीवन

भारताच्या राष्ट्रगीताचे रचयिते आणि साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे पहिले आशियाई साहित्यिक म्हणून रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव प्रत्येक भारतीयास परिचित आहे. पांढरी दाढी, लांब झगा आणि गंभीर, शांत मुद्रा असे त्यांचे चित्र आपल्या मनात ठसलेले आहे. मात्र या शांततेमागे मृत्यूंची एक दीर्घ मालिका उभी आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. आई, वहिनी, पत्नी, दोन कन्या, धाकटा मुलगा आणि नातू अशा एकामागून एक जिवलगांना त्यांनी निरोप दिला आणि तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. हे बळ त्यांना कोठून लाभले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच सापडते.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांचे ते चौदावे अपत्य. घर श्रीमंत असले तरी मुलांचे बालपण नोकरांच्या देखरेखीखालीच जात असे. श्याम नावाचा नोकर लहानग्या रवीभोवती खडूने वर्तुळ काढी आणि सीतेने लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर काय घडले याची आठवण देऊन त्याला आतच बसवून ठेवी. सुदैवाने खिडकी जवळ होती. खिडकीखाली एक तळे होते, काठावर मोठा वड होता आणि स्नानासाठी येणाऱ्या शेजाऱ्यांची दिवसभर ये-जा असे. कोण नाक धरून बुडी मारतो, कोण अंगावर पाणी उडवून परत फिरतो, हे तो मुलगा तासन् तास पाहत राही. पुढे कवीच्या उपयोगी पडलेले निरीक्षणाचे शिक्षण त्याला या खिडकीनेच दिले. शाळा मात्र त्याला मानवली नाही. तीन-चार शाळा बदलूनही कोठेच मन रमले नाही.

१८७५ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा रवींद्रनाथ तेरा वर्षांचे होते. मोठे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांच्या पत्नी कादंबरीदेवी यांनी या पोरक्या दिराला मायेने जवळ केले. त्या त्याच्याहून अवघ्या दोन वर्षांनी मोठ्या होत्या. त्याच्या कवितांच्या त्या पहिल्या वाचक होत्या आणि सर्वांत कठोर टीकाकारही त्याच होत्या.

या काळात रवींद्रनाथांचा मुंबई इलाख्याशी जिव्हाळ्याचा संबंध आला. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ हे भारतीय सनदी सेवेत प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय असून त्यांची नेमणूक या इलाख्यात होती. तुकोबांच्या अभंगांचे बंगालीत अनुवाद करणारे सत्येंद्रनाथ ते हेच. १८७८ मध्ये रवींद्रनाथ प्रथम त्यांच्याकडे अहमदाबादेत राहिले आणि नंतर इंग्लंडला जाण्यापूर्वी मुंबईत प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी त्यांचे वास्तव्य झाले. डॉक्टरांची विलायतेत जाऊन आलेली कन्या अन्नपूर्णा हिने त्यांना इंग्रजी संभाषणाचे आणि रीतिरिवाजांचे धडे दिले. कवीने तिला नलिनी हे नाव दिले आणि पुढे आपल्या लेखनातही ते जपले. इंग्लंडहून ते पदवी न घेताच १८८० मध्ये परतले.

९ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा विवाह झाला. वधूचे नाव भवतारिणी होते. सासरी ते मृणालिनी झाले. त्यानंतर साडेचार महिन्यांतच, एप्रिल १८८४ मध्ये, कादंबरीदेवींनी आपली जीवनयात्रा संपविली. बावीस वर्षांच्या रवींद्रनाथांचा हा मृत्यूशी पहिला खरा परिचय होता. आईच्या वेळी वय लहान होते, त्यामुळे त्या घावाचा अर्थ उमगला नव्हता. या वेळी मात्र पायाखालची जमीन सरकली. आपल्या आठवणींत या अनुभवास त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. जे सर्वांत निश्चित वाटत होते तेच क्षणात नाहीसे झाले, तरी झाडे, माती, पाणी, चंद्रसूर्य होते तसेच राहिले, या विसंगतीने ते भांबावून गेले. काही काळ त्यांनी वेशभूषेची वा जनरीतीची तमा बाळगली नाही. हळूहळू मात्र त्यांना निराळीच जाणीव होऊ लागली. जीवनाचे ओझे आपल्याला कायमचे बांधून ठेवणार नाही, या विचाराने जगाकडे काहीशा अंतरावरून पाहता येऊ लागले आणि दुरून पाहिलेले जग अधिक सुंदर भासू लागले.

त्यानंतरचे मोठे वळण आले ते व्यवहाराच्या मार्गाने. १८९० च्या सुमारास वडिलांनी त्यांच्यावर पूर्व बंगालमधील जमिनीची व्यवस्था सोपविली. शिलाईदह, शहाजादपूर आणि पतिसर ही तीन ठाणी आज बांगलादेशात आहेत. खंडवसुली, हिशेब आणि रयतेच्या तक्रारी असे हे कवीला न साजणारे काम होते. परंतु या कामानेच त्यांना खेड्यातील माणूस जवळून दाखविला. पद्मा नदीवरील नौकेत राहून त्यांनी पुतणी इंदिरादेवी हिला जी पत्रे लिहिली, त्यांत घाटावर भांडी घासणाऱ्या बाया, शेतकरी, पावसाळी ढग आणि वाळूची बेटे यांचे वर्णन आहे. शहाजादपूरला ठाकुरांच्याच इमारतीत टपाल कचेरी होती. तेथील पोस्टमास्तर सायंकाळी गप्पा मारावयास येत. त्यातूनच १८९१ मध्ये पोस्टमास्तर ही कथा जन्मली. पुढील वर्षीच्या काबुलीवाला कथेतील बडबडी मिनी उभी करताना त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःची थोरली कन्या माधुरीलता, म्हणजे घरची बेला, होती. शिलाईदहला डाक वाहून नेणारा गगन हरकरा बाऊल गाणी गात असे. त्याच्या एका गीताची चाल घेऊन रवींद्रनाथांनी १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीत जे गीत रचले, तेच आज बांगलादेशाचे राष्ट्रगीत आहे. प्रेरणेसाठी त्यांना कोठे दूर जावे लागले नाही. हिशेबाची वही मिटल्यावर समोर जे दिसे, तेच त्यांनी लिहिले.

डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी शांतिनिकेतन येथे मोजक्या विद्यार्थ्यांसह आश्रमशाळा सुरू केली. पैशाची चणचण इतकी होती की मृणालिनीदेवींनी आपले दागिने विकावयास दिले. विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्याकडे त्या जातीने लक्ष पुरवीत. परंतु वर्ष पुरे होण्याआधीच त्या आजारी पडल्या आणि २३ नोव्हेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी तिशीही गाठली नव्हती. त्यांच्या वियोगात लिहिलेल्या कविता स्मरण या संग्रहात आहेत.

तेवढ्यात मधली कन्या रेणुका क्षयाने आजारी पडली. १९०१ मध्ये, अवघ्या साडेदहाव्या वर्षी, तिचा विवाह करण्यात आला होता. बालविवाहाविरुद्ध लिहिणाऱ्या रवींद्रनाथांनी आपल्या मुलींचे विवाह लहान वयातच केले, ही विसंगती चरित्रकारांनी लपविलेली नाही आणि लपविण्याचे कारणही नाही. मोकळ्या हवेसाठी ते रेणुकेला अलमोड्यास घेऊन गेले. आजारी मुलीच्या उशाशी बसून, आईविना राहिलेल्या मुलांच्या मायेपोटी, त्यांनी बालमनाच्या कविता लिहिल्या. शिशु हा संग्रह या दिवसांतला आहे. खेळ, रुसवे आणि आईशी चाललेले लाडिक संवाद यांनी भरलेल्या या पानांवर आजारपणाची सावली सहजी दिसत नाही. सप्टेंबर १९०३ मध्ये रेणुका गेली. जानेवारी १९०५ मध्ये महर्षी देवेंद्रनाथ गेले.

धाकटा मुलगा शमींद्रनाथ हा स्वभावाने वडिलांच्या वळणावर गेला होता. १९०७ च्या वसंतपंचमीला त्याने आश्रमातील मुलांना जमवून ऋतूंचा उत्सव साजरा केला. शांतिनिकेतनच्या पुढे प्रसिद्ध पावलेल्या ऋतूत्सवांचा प्रारंभ या खेळातून झाला, असे मानले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुटीत मुंगेरला गेला असता पटकीने त्याचा मृत्यू झाला. तो अकराव्या वर्षात होता. बंगाली पंचांगाप्रमाणे तो दिवस ७ अग्रहायण, म्हणजे त्याच्या आईचीही मृत्युतिथी होती. त्या रात्री आगगाडीने परतताना खिडकीबाहेर चांदणे पसरले होते. चराचरात कोठेही काही कमी झाल्याचे चिन्ह नव्हते. सर्व काही आहे, त्यात आपला मुलगाही आहे आणि आपले कामही उरले आहे, असे त्या वेळी वाटल्याचे त्यांनी अनेक वर्षांनी आपली कन्या मीरा हिला कळविले. गोरा ही त्यांची कादंबरी तेव्हा प्रवासी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. पुत्रशोकातही त्यांनी तिचे लेखन सोडले नाही.

या वर्षांची परिणती १९१० मध्ये बंगाली गीतांजलीत झाली. १९१२ च्या मार्चमध्ये ते विलायतेस निघणार होते, परंतु ऐन वेळी प्रकृती बिघडली. विश्रांतीसाठी शिलाईदहला गेले असता जड लेखन करण्याची मनाई होती, म्हणून त्यांनी वेळ घालविण्यासाठी आपल्याच काही कविता इंग्रजीत उतरविल्या. २७ मे १९१२ रोजी मुंबईहून बोटीने निघाल्यावरही हे काम चालू होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत ती हस्तलिखिते असलेली बॅग मुलगा रथींद्रनाथ यांच्या हातून विसरली आणि हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात ती जशीच्या तशी सापडली. नोव्हेंबर १९१२ मध्ये १०३ कवितांचे हे पुस्तक प्रथम ७५० प्रतींत निघाले. एक वर्षाने, १३ नोव्हेंबर १९१३ रोजी, नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. जगाने ज्या पुस्तकाचा गौरव केला, त्यात पत्नीच्या वियोगातील एक कविता होती आणि रेणुकेच्या आजारपणात लिहिलेल्या शिशुमधील कविताही होत्या.

याच सुमारास त्यांनी डाकघर हे नाटक लिहिले. वैद्याने बाहेर जाण्यास मनाई केलेला अमल खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. जोडासाँकोची खिडकी, पूर्व बंगालातील टपाल आणि आजारी मूल ही सारी या छोट्या नाटकात एकत्र आली आहेत. जुलै १९४२ मध्ये, नाझींनी कोंडलेल्या वॉर्सा येथील ज्यू वस्तीत, यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून हे नाटक करविले. त्यानंतर काही आठवड्यांतच कोर्चाक आणि ती मुले मृत्युछावणीकडे नेली गेली. एका बंगाली पित्याच्या दुःखातून उमललेले नाटक त्या मुलांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या सोबतीला होते.

कीर्तीने शोक टळला नाही. मिनीचे मूळ असलेली बेला १९१८ मध्ये क्षयाने अंथरुणाला खिळली. रवींद्रनाथ दररोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसत. १६ मे रोजी दारातच ती गेल्याचे कळले आणि ते वर न जाता परत फिरले. पुढच्याच वर्षी जालियनवाला बाग हत्याकांडाच्या निषेधार्थ त्यांनी सर ही पदवी परत केली आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली. साठी उलटल्यावर हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांना आकार देता देता ते चित्रे काढू लागले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. अखेरीस त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली.

१९३२ मध्ये मीरादेवींचा एकुलता एक मुलगा नीतींद्रनाथ जर्मनीत विसाव्या वर्षी निवर्तला. तेव्हा शांतिनिकेतनात वर्षामंगल उत्सवाची तयारी चालू होती. तो रद्द करावा, असे अनेकांना वाटले. रवींद्रनाथांनी नकार दिला. आपले दुःख आपण सोसावे, त्याचे ओझे सर्वांवर टाकू नये, अशी त्यांची धारणा होती.

अखेरच्या वर्षांत स्वतःचे आजारपणही त्यांनी लेखनाचा विषय केले. हाताने लिहिता येईना, तेव्हा ते कविता सांगत आणि इतर उतरवून घेत. ३० जुलै १९४१ रोजी शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी शेवटची कविता सांगितली. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, ज्या वाड्यात जन्म झाला त्याच वाड्यात, त्यांची प्राणज्योत मालवली.

मराठी माणसाने रवींद्रनाथांना नेहमीच आपले मानले आहे. काकासाहेब कालेलकरांनी शांतिनिकेतनात अध्यापन केले, तर पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिले. शिवाजी उत्सवावर १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी लिहिलेली कविताही या नात्याची साक्ष देते.

दुःख भोगणारा प्रत्येक जण कवी होत नाही आणि रवींद्रनाथ केवळ दुःखामुळे कवी झाले, असेही म्हणता येणार नाही. मृत्यू दाराशी आला त्याआधीच त्यांना खिडकीबाहेर पाहण्याची सवय लागली होती आणि कामाचा नित्यक्रम अंगी मुरला होता. शोकाच्या दिवसांत हीच सवय आणि हाच क्रम त्यांच्या कामी आला. शाळा चालू राहिली, मासिकाचा मजकूर वेळेवर गेला, पावसाचा उत्सव झाला. शांतिनिकेतनचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे येणारा पाहुणा झाडाखाली भरणारे वर्ग पाहतो. या शाळेचे पहिले वर्ष एका गृहिणीच्या दागिन्यांवर निभावले आणि तिच्या ऋतूत्सवांचा आरंभ एका दहा वर्षांच्या मुलाने केला, हेही त्याने ध्यानी ठेवावे.