शिक्षिका होण्याचा निर्णय : सावित्रीबाई फुले



३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील शाळाशाळांत त्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घालतात, मुली भाषणे करतात. पण लिहितावाचता न येणाऱ्या एका खेड्यातल्या मुलीने शिक्षिका व्हायचे कसे ठरवले, याचा विचार आपण फारसा करत नाही. बारावीनंतर काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत असतो. म्हणून या रविवारी आपण त्यांच्या जीवनाचा हाच भाग जरा जवळून पाहू या.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावला खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. लहानपणी शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने त्यांना एक पुस्तक दिले, वडिलांना ते आवडले नाही, तरी सावित्रीने ते जपून ठेवले, अशी गोष्ट सांगतात. १८४० साली नवव्या वर्षी पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.

जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेले असता मिस सिंथिया फॅरार या मिशनरी बाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि अशी शाळा आपणही काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. पण मुलींना शिकवायला बाई कुठून आणायची? तेव्हा जोतीरावांनी आपल्या पत्नीलाच शिकवले.

इथे आपण थोडे थांबू या. नवऱ्याने सांगितले म्हणून त्या शिक्षिका झाल्या, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु घरकाम आटोपून रोज पाटी घेऊन बसणे हे दुसऱ्याच्या इच्छेने फार दिवस चालत नाही. सावित्रीबाई घरच्या अभ्यासावर थांबल्या नाहीत. पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिकवण्याचे रीतसर शिक्षणही घेतले. म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याआधी त्या स्वतः विद्यार्थिनी झाल्या.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सुरुवातीला मुली मोजक्याच होत्या. सावित्रीबाईंचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे, म्हणजे आपल्या बारावीतल्या मुलीएवढे. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत, खडे मारत. त्या सोबत दुसरे लुगडे नेत, शाळेत पोचल्यावर नेसत आणि वर्ग सुरू करत.

खरी परीक्षा १८४९ साली घरातच झाली. समाजाच्या दबावामुळे सासरे गोविंदराव यांनी सांगितले की शाळा सोडा, नाही तर घर सोडा. त्या काळी अठरा वर्षांच्या सुनेला घर सोडणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. पतीपत्नी नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्याच घरातील फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. घर गेले तरी काम थांबले नाही. १८५१ सालापर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा झाल्या.

पुढचे त्यांचे कार्य आपणास माहीत आहे. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी फुले दांपत्याने १८६३ साली घराचे दार उघडले. अशाच एका बाळाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले आणि तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा यशवंतने गावाबाहेर दवाखाना काढला. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचवले. त्यातूनच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या, त्यांना ख्रिस्ती ठरवण्याचे कारणही नाही. पण पाठीवरच्या त्या मुलाचे चित्र पाहताना हरवलेले मेंढरू खांद्यावर घेणारा मेंढपाळ आपल्याला आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या ख्रिस्तसभेतही असे उदाहरण आहे. फ्रान्समधील संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल हे श्रीमंत घरचे धर्मगुरू होते. १६८१ साली त्यांनी गरीब शिक्षकांना आपल्या घरी राहायला आणले, तेव्हा त्यांचेही नातेवाईक रागावले. पण त्यांनी शिक्षकांची साथ सोडली नाही. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आज आपल्याकडे काय दिसते? डॉक्टरकी नाही, इंजिनिअरिंग नाही, तर मग डी.एड. कर, असे आपण मुलांना सांगतो. सर्वांत शेवटी उरलेली वाट म्हणजे शिक्षकी. डी.एड. करून, परीक्षा देऊन भरतीची वाट पाहणारी मुले आपल्या ओळखीत आहेत, त्यांची काळजी खोटी नाही. पोटाचा विचार प्रत्येकाला करावाच लागतो. तरीही देवरी-सालेकसाकडच्या एखाद्या लहान शाळेत गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी अक्षर शिकवायला कोणी तरी मनापासून जावे लागते. दुसरे काही मिळाले नाही म्हणून आलेला माणूस आणि ठरवून आलेला माणूस यांतला फरक लेकरांना पहिल्याच आठवड्यात कळतो.

धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या पाचारणासाठी आपण नेहमी प्रार्थना करतो. या रविवारच्या मिस्सात शिक्षकांच्या पाचारणासाठीही प्रार्थना करू या. आणि आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी मला शिक्षक व्हायचे आहे असे म्हणाली, तर लगेच पगार किती हे न विचारता तिचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेऊ या. देव आपणा सर्वांना त्यासाठी सद्बुद्धी देवो.